पूर्वपरवानगी देणाऱ्या साहेबांस, यवतमाळहून

माननीय साहेब,

आपलं नाव ठाऊक नाही, म्हणून नुसतं 'साहेब' लिहितोय. आपण बाई असाल तर माफी असावी. आपण कोण आहात हे आपल्या कंपनीतही कोणाला सांगता येईना, तेव्हा माझा नाइलाज झाला. पत्ता मात्र तोंडपाठ आहे. विमानात नेता येणाऱ्या धोकादायक वस्तूंचा तक्ता, त्यात हिमप्रपातातून वाचवणाऱ्या सॅकची ओळ, त्या ओळीत 'कंपनीची पूर्वपरवानगी लागेल का' हा रकाना, आणि रकान्यात छापलेला 'होय'. त्या 'होय'च्या मागे आपलं बिऱ्हाड आहे. डिसेंबरच्या अखेरीपासून मी त्या दाराची कडी वाजवतोय.

आपल्यावर आरोप काय, असं विचाराल. आपण काहीच केलं नाही, हाच आरोप आहे.

पत्र खुलं आहे, त्यामुळे इतर वाचकांसाठी थोडा खुलासा करावा लागेल. आमच्या यवतमाळात बर्फ पडतो तो रसवंतीवाल्याच्या लाकडी पेटीत. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो आणि माणसं दुपारी दार लावून घेतात. अशा गावच्या माणसाच्या घरी बर्फाच्या कड्याखाली न गाडलं जाण्याची सॅक कुठून आली? माझा पुतण्या म्यूनिखला नोकरी करतो. विदर्भातली निम्मी इंजिनिअर पोरं पुण्यात गेली, उरलेल्यांतली बरीच आणखी पुढे गेली, त्यातला तो एक. तिकडे शनिवार-रविवार डोंगरात स्की करतो. यंदा संक्रांतीला घरी यायचं आणि परत जाण्याआधी गुलमर्गला जाऊन यायचं, असं त्याने ठरवलं होतं. सामान त्याने तिकडूनच आणलं.

या सॅकमध्ये एक मोठी पिशवी घडी घालून ठेवलेली असते. खांद्याच्या पट्ट्यावर हँडल असतं. ते ओढलं की सिलिंडरातली हवा सुटते आणि काही सेकंदांत सुमारे 150 लिटरची पिशवी डोक्यामागे फुगते. कल्पना बव्हेरियातल्या एका वनरक्षकाची, जोसेफ होहेनेस्टर याची. शिकार खांद्यावर टाकून जात असताना तो बर्फाच्या लोंढ्यात सापडला आणि तरीही वर राहिला, यावरून त्याला ती सुचली. पुढे पीटर आशाउअरने पेटंट विकत घेतलं आणि 1985 मध्ये पहिली सॅक बाजारात आणली. यामागचं शास्त्र सांगायला जर्मनीपर्यंत जायला नको. सुपात तूर घेऊन हलवा, चूर खाली बसतो आणि मोठे दाणे वर येतात. वाहणाऱ्या बर्फातही तसंच होतं. माणसाचा आकार मोठा करा, तो वरच्या थरात येतो.

वर येण्याला एवढं महत्त्व का, तेही सांगतो. परवानगी द्यायला बसलेल्या माणसाला हे माहीत असायला हवं. स्वित्झर्लंडमधल्या अपघातांच्या नोंदींवर 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, बर्फाखाली पूर्ण गाडला गेलेला माणूस पहिल्या 10 मिनिटांत बाहेर निघाला तर जगण्याचं प्रमाण 91 टक्क्यांच्या आसपास असतं. अर्ध्या तासाला ते 31 टक्क्यांवर येतं. बहुतेक माणसं थंडीने मरत नाहीत, गुदमरून मरतात. म्हणून सगळ्यांकडे तीन वस्तू लागतात: 457 किलोहर्ट्झवर 'मी इथे आहे' असा संदेश देणारा बीकन, बर्फात खुपसून माणूस शोधायची प्रोब नावाची लांब घडीची सळई, आणि फावडं. फुगणाऱ्या पिशवीचं काम त्याआधीचं, गाडलं जाऊच नये यासाठीचं. 2014 मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या अपघातांचा हिशेब मांडला गेला. लोंढ्यात सापडलेल्यांपैकी पिशवी न फुगलेल्यांत सुमारे 22 टक्के दगावले, फुगलेल्यांत सुमारे 11 टक्के. म्हणजे जादू नाही, पण निम्म्याचा फरक आहे. आणि तो फरक पाण्याच्या बाटलीएवढ्या सिलिंडरात भरलेला असतो.

आता आपल्या तक्त्याकडे येतो. तो आपण लिहिलेला नाही, हे मला माहीत आहे. तो आंतरराष्ट्रीय आहे आणि सगळ्या कंपन्या तोच छापतात. त्यातली ओळ इतकी नीट लिहिलेली आहे की लिहिणाऱ्याला चहा पाजावा. माणशी एक सॅक. सिलिंडरात न पेटणारा, विषारी नसलेला वायू. हँडल ओढल्यावर सिलिंडर फोडणारी दारू असेल तरी चालेल, पण 200 मिलिग्रॅमपेक्षा कमी. सॅक अशी बांधावी की चुकून उघडणार नाही. पिशवीला जादा दाब सोडणारी झडप हवी. केबिनमध्ये चालेल? होय. चेक-इन सामानात? होय. कंपनीची पूर्वपरवानगी? होय. आमच्या सिलिंडरात तर दारूही नव्हती. होती ती नुसती हवा, 2,700 पीएसआय दाबाने कोंबलेली म्यूनिखची हवा.

म्यूनिख ते मुंबई ज्या कंपनीने पुतण्याला आणलं, तिच्याकडेही हाच तक्ता आहे आणि हाच 'होय'. फरक इतकाच की तिकडे त्यामागे माणूस होता. पुतण्याने ईमेल केला, सिलिंडरचा फोटो आणि माहितीपत्रक जोडलं, आणि उत्तर आलं. उत्तरात फ्लाइट नंबर होता, 'एक सॅक, एक सिलिंडर, मान्य' असं होतं आणि खाली नाव होतं, आडनावासकट, हुद्द्यासकट, फोन नंबरसकट. पुतण्याने तो कागद छापून सॅकला बांधला होता. मी चाळिशी लावून तो वाचला. मला एकदम आमचे जुने तलाठी आठवले. पैसे खायचे, पण सही स्वच्छ करायचे.

मुंबईहून यवतमाळपर्यंत सिलिंडर ट्रॅव्हल्सच्या डिक्कीतून आलं. तिथे कोणी काही विचारलं नाही. डिक्कीत शेजारी एक स्कूटी, द्राक्षांच्या पेट्या आणि कोणाचं तरी वॉशिंग मशीन होतं. या देशात धोकादायक वस्तूंचे नियम जमिनीपासून किती फुटांवर सुरू होतात, याचा कोणीतरी अभ्यास करायला हवा.

पुढचा टप्पा आपल्याकडे होता, साहेब. यवतमाळहून कळंब, देवळी, वर्धा करत नागपूर गाठायचं, तिथून दिल्ली, दिल्लीहून श्रीनगर. तिकीट आपल्या कंपनीचं. पुतण्याने आपल्यालाही तसाच ईमेल पाठवला, तसेच फोटो, वर त्या परदेशी कंपनीचं मान्यतापत्र. तासाभरात उत्तर आलं. आम्ही भारावलो. उत्तरात लिहिलं होतं की आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.

मग फोन. एक दाबा, दोन दाबा, संगीत ऐका. पहिल्या मुलीने गॅस सिलिंडर नेता येणार नाही असं सांगितलं आणि शेगडीचं बर्नर वेगळं करून नेता येईल असा दिलासा दिला. दुसऱ्या मुलाने तक्ता उघडला, ओळ वाचली, आणि त्याच्या आवाजात खरोखर आनंद होता: "सर, अलाउड आहे, फक्त परवानगी लागेल." परवानगी कोण देतं? "कंपनी, सर." आपण कोण? "मी कस्टमर केअर, सर." त्याने कार्गो विभागाचा नंबर दिला. कार्गोवाल्या गृहस्थांना विषय कळत होता, त्यांचा आवाजच सांगत होता. त्यांनी यूएन नंबर विचारला, पॅकिंग विचारलं, शिपरचं डिक्लरेशन मागितलं. माल म्हणून पाठवणार असाल तर हे सगळं लागेल, म्हणाले. प्रवाशाचं सामान असेल तर तो विषय आमचा नाही, विमानतळाला विचारा. विमानतळावरचा आपल्या कंपनीचा फोन उचलला गेला तेव्हा उत्तर मिळालं की परवानगी मुख्यालयातून येते, प्रवासाच्या 72 तास आधी अर्ज करा, कस्टमर केअरला.

72 तास! साहेब, आपण विदर्भाचे तर नाही ना? शंका यायचं कारण असं की आमच्याकडे पीक विम्याचीही हीच अट होती. गारपीट झाली, शेतात पाणी साचलं की 72 तासांच्या आत कळवायचं, ॲपवर नाहीतर टोल फ्री नंबरवर. कापूस आडवा पडलेला, रेंज नाही, नंबर लागत नाही आणि घड्याळ चाललेलं. ज्याने ही अट शोधून काढली, तोच बढतीवर आपल्या कंपनीत आला असेल तर आनंदच आहे.

मधल्या काळात एका ताईंनी मला फारच मूलभूत प्रश्न विचारला. पत्त्यात यवतमाळ पाहून त्या म्हणाल्या, "सर, तुमच्याकडे कुठे बर्फ असतो?" त्यांना मी फोनवर उत्तर दिलं नाही. आपल्याला देतो. आमच्या वणीला लागून चंद्रपूर जिल्हा आहे. तिथल्या आश्रमशाळांत शिकणारी पाच आदिवासी मुलं मे 2018 मध्ये एव्हरेस्टच्या माथ्यावर उभी राहिली. जंगलातली, कोळशाच्या पट्ट्यातली मुलं. दुसरीकडे अकोला जिल्हा. तिथल्या दोन जवानांचे मृतदेह जानेवारी 2017 मध्ये काश्मीरमधून आले. गुरेझच्या हिमप्रपातात गेले होते. त्यातला एक मूर्तिजापूर तालुक्यातला होता, म्हणजे जिथून आमची शकुंतला रेल्वे सुटायची तिथला. विदर्भाच्या माणसाला बर्फ माहीत आहे, ताई. बघायला जाणारे थोडे असतात आणि तिथे ड्युटी करणारे जास्त, एवढंच.

पर्याय म्हणून सिलिंडर रिकामं करून नेण्याचा सल्लाही आपल्याकडून आला, लेखी नव्हे, तोंडी. रिकाम्या सिलिंडराला हरकत नाही, तिकडे भरून घ्या. कुठे भरायचं? या दाबाची हवा भरायला पाणबुड्यांच्या टाक्या भरणारा कॉम्प्रेसर लागतो. महाराष्ट्रात असा शोधायचा तर तारकर्लीसारख्या ठिकाणी जावं लागेल. म्हणजे काश्मीरला बर्फात जाण्यासाठी आधी सिंधुदुर्गात समुद्रावर. आणि तिथे भरलेलं सिलिंडर पुन्हा विमानात चढवायला पुन्हा आपणच. गुलमर्गला ऐन वेळी भरून मिळेल, अशी खात्री आम्हाला कोणी देईना. जिज्ञासा म्हणून मी आमच्या चौकातल्या पंक्चरवाल्याला विचारून पाहिलं. त्याने सिलिंडर उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाला, "काका, ट्रकच्या टायरात मी एकशेवीस भरतो. तुमी सत्तावीसशे मांगता. दुकान उडवाचं हाय काय माह्यं?" साहेब, एका वाक्यात स्पष्ट नकार, कारणासकट. हा माणूस आपल्या मुख्यालयात हवा होता.

आता आपल्या विमानाबद्दल दोन शब्द. मी खिडकीत बसून सुरक्षेची सूचना मन लावून पाहणारा प्रवासी आहे. सीटखाली लाइफ जॅकेट असतं. लाल टॅब ओढला की ते फुगतं, कारण त्यात दाबाखाली वायू भरलेली नळकांडी असते. विमानाच्या दारांत घसरगुंडी घडी करून ठेवलेली असते, दार उघडताच फुगते, तीही दाबाखालच्या वायूवर. म्हणजे ज्या विमानात दीड-दोनशे नळकांडी आणि सिलिंडरवाल्या घसरगुंड्या आधीच उडत आहेत, तिथे पुतण्याचं एक सिलिंडर आलं असतं. तत्त्व तेच आणि हेतूही तोच, माणूस बुडू नये, गाडला जाऊ नये. आपल्या हवाईसुंदरी जे हँडल रोज हातवारे करून ओढून दाखवतात, त्याच प्रकारचं हँडल आमच्या सॅकला होतं.

नियमांवर माझा राग आहे असं मात्र समजू नका. मे 1996 मध्ये व्हॅल्यूजेट 592 हे विमान फ्लोरिडात कोसळलं आणि 110 माणसं गेली. पोटात चढवलेल्या ऑक्सिजन जनरेटरच्या खोक्यांनी आग लावली होती. नळकांडी दिसायला साधी, खोक्यांवर 'रिकामी' म्हणून लिहिलेलं, आणि कोणीतरी न बघता पुढे ढकललेलं. धोकादायक वस्तूंचे तक्ते अशा प्रेतांवर उभे राहिले आहेत. आपल्या देशात त्यासाठी 2003 चे वेगळे नियम झाले ते बरंच झालं. कोणी सिलिंडर आणलं तर दहा प्रश्न विचारा, वीस विचारा. पण विचारणारा माणूस तरी ठेवा! त्या तक्त्याने 'परवानगी लागेल' असं लिहिलं ते एवढ्यासाठी, की कंपनीतल्या जाणकाराने फोटो पाहावा, झडप आहे का विचारावं, हँडल बांधलंय का बघावं. ती जबाबदारी आपली होती. आपण ती रकान्यात ठेवली आणि निघून गेलात.

आणि नकाराचंही मला वावडं नाही. अमेरिकेत विमानतळांची सुरक्षा पाहणारी टीएसए भरलेलं सिलिंडर नेऊच देत नाही. रिकामं करा, तोंडावरची झडप काढा, आत बघू द्या, मग न्या. तिथले स्कीवाले कुरकुर करतात, पण घरून निघतानाच त्यांना ते माहीत असतं, म्हणून उतरल्यावर भरायची सोय आधी बघून ठेवतात. आपल्याकडचाही एक स्पष्ट नकार सांगतो. डोंगरात मोबाइलची रेंज गेल्यावर मदत मागायचं उपग्रहावर चालणारं छोटं यंत्र असतं, तिकडे प्रत्येकाच्या सॅकला लटकलेलं. भारतात ते परवान्याशिवाय बाळगता येत नाही. डिसेंबर 2024 मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका कॅनेडियन धावपटूला त्यावरून ताब्यात घेतलं गेलं. ती बातमी वाचून पुतण्याने आपलं यंत्र म्यूनिखलाच ठेवलं. कायदा 1933 च्या वायरलेस अधिनियमाइतका जुना आहे, मला तो पटत नाही, पण काय करायचं हे आम्हाला कळलं. आपल्या 'होय'ने मात्र सगळा महिना खाल्ला आणि शेवटपर्यंत काही कळू दिलं नाही. नुसता 'नाही' छापला असता तर पुतण्याने दुसरी सॅक आणली असती. हल्ली सिलिंडरऐवजी पंख्याने फुगणाऱ्या निघाल्या आहेत.

परवानगी देणारा माणूस या देशात मुळातच नसतो, असंही म्हणता येत नाही. नारळ हातातल्या सामानात चालत नाही, हे आपल्याला माहीत असेलच. पण ऑक्टोबर 2024 मध्ये नागरी विमान सुरक्षा ब्यूरोने शबरीमलाच्या भक्तांना 20 जानेवारीपर्यंत केबिनमध्ये नारळ नेण्याची सूट दिली. क्ष-किरण तपासणी, स्फोटकांची तपासणी, हाताने तपासणी, सगळं करून. तारीख लिहिलेली, अट लिहिलेली. मला त्या आदेशाचा अतिशय आदर वाटतो. नारळासाठी कोणीतरी टेबलाशी बसलं, विचार केला आणि सही केली.

जायच्या दिवशीचं थोडक्यात सांगतो. काउंटरवरच्या मुलीला दोष नाही. तिने पहाटेची पाळी, मागची रांग आणि माझं वय या तिन्हींचा मान राखला. 15 किलोचं चेक-इन सामान. स्की आणि त्यावरच्या बांधण्या मिळून आठ-नऊ किलो, बूट चार, मग कपडे कशात? पुतण्याने बूट पायात घातले आणि रोबोसारखा चालत काउंटरपर्यंत आला. लहान मुलं हसत होती. स्कीच्या काठ्या गेल्या, प्रोब गेली, बीकन गेला. फावडं निघालं तेव्हा मला वाटलं आता होणार. पण फावडं पाहून सगळ्यांचे चेहरे सैल झाले. विदर्भात फावड्याला कोण अडवणार? अडलं ते सिलिंडर. मुलीने तक्ता उघडला, ओळ वाचली, रकाना वाचला, आणि माझ्याकडे पाहून अगदी निरागसपणे विचारलं, "सर, परवानगी कोणाची घेतली?" तेव्हापासून हे पत्र मनात होतं.

म्यूनिखची हवा माझ्या मांडीवर बसून परत यवतमाळला आली. पुतण्या रिकामी सॅक पाठीला लावून गेला.

गुलमर्गला गंडोला रोपवेचा दुसरा टप्पा अफरवट शिखराच्या बाजूला जवळपास चार हजार मीटरवर नेऊन सोडतो. तिथे गंडोलाच्या आसपासच्या उतारांवर गस्त असते, धोक्याचा बर्फ आधी पाडला जातो. त्या पलीकडे मोकळा डोंगर आहे आणि जाणकार स्कीवाले त्यासाठीच देशोदेशींहून येतात. 1 फेब्रुवारी 2023 ला त्याच अफरवटच्या उतारावर पोलंडचे दोघे गेले. फेब्रुवारी 2024 मध्ये एक रशियन गेला. पुतण्याने सिलिंडर नाही म्हणून हद्दीच्या आतच स्की केली. सोबतचे पलीकडे गेले, हा गंडोलाखाली राहिला. शहाणपण केलं, मी त्याला तसं म्हणालोही. पण सगळे पुतणे शहाणे असतातच असं नाही. पंचविशीच्या पोराने पाठीला ती सॅक लावली, हँडल खांद्याशी आलं, की आत काही नाही याचा विसर पडायला एक सुंदर सकाळ पुरते. मी वर सांगितलेल्या 2014 च्या हिशेबात आणखी एक गोष्ट आहे. दर पाचातल्या एका सॅकची पिशवी फुगलीच नव्हती, आणि त्यातल्या सुमारे 60 टक्के वेळा माणसाने हँडलच ओढलं नव्हतं. उरलेल्यांत देखभालीच्या चुका, यंत्रातले बिघाड, फाटलेल्या पिशव्या. 'सिलिंडर काकांच्या मांडीवर' असा प्रकार त्यांना सापडला नव्हता. ती भर घालण्याचं श्रेय आपलं.

आम्हा यवतमाळकरांना न मिळालेल्या गोष्टींची सवय आहे, हे कबूल करतो. आमच्या भारीला विमानतळ आहे, जवाहरलाल दर्डांच्या नावाचं. 2009 मध्ये ते रिलायन्स समूहातल्या कंपनीकडे दीर्घ मुदतीच्या भाड्याने गेलं. धावपट्टी आहे, पाटी आहे, प्रवासी विमानांचं वेळापत्रक मात्र लागलं नाही. शकुंतलेचं इंजिन थांबून वर्षं झाली. वर्ध्याहून निघालेली नवी ब्रॉडगेज फेब्रुवारी 2024 मध्ये कळंबपर्यंत पोचली आणि आम्ही तिथल्या चिंतामणीच्या दर्शनाला जाताना ती पाहून येतो. त्यामुळे आपण आमच्यासाठी अनोळखी नाही, साहेब. आपल्या जातीचे लोक आम्ही पाहिलेत. फक्त त्यांची कार्यालयं असतात. बाहेर बाकडं असतं, शिपाई 'साहेब दौऱ्यावर हायेत' म्हणतो, आणि दौऱ्यावर का होईना, साहेब कुठेतरी आहेत एवढा विश्वास माणसाला राहतो.

म्हणून एक मागणं आहे. तक्त्याच्या त्या रकान्यात 'होय'पुढे एक ईमेल पत्ता टाका, ज्याच्यामागे माणूस असेल. सही नको, शिक्का नको. लडाखच्या, काश्मीरच्या फ्लाइट्स आपण हिवाळाभर भरून नेता. स्की शिकायला जाणाऱ्या पोरांच्या जाहिरातीही आपणच करता, बर्फात हात पसरलेल्या जोडप्यांच्या. त्या जोडप्यांपैकी एखाद्याच्या पाठीला उद्या अशी सॅक असणार आहे.

आपला,
एक सिलिंडरधारक,
यवतमाळ

ता. क. पुतण्या परत जाताना सिलिंडर घेऊन गेला. यवतमाळ ते मुंबई ट्रॅव्हल्सने, पुढे त्याच परदेशी कंपनीने, दोन दिवसांत आलेल्या नव्या मान्यतापत्रावर. आपल्याकडच्या प्रवासाबद्दल त्याला काल एक निरोप आला आहे. धोकादायक वस्तूच्या परवानगीसाठी केलेला अर्ज विचाराधीन असून क्रमांक जपून ठेवावा, असं त्यात आहे. प्रवास जानेवारीत झाला. आज 6 मे.